या वर्षाचे आभार कसे मानू?

प्रश्न: फेब्रुवारीत बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. ‘हो’ म्हणायचं असतं तेव्हा ते ‘नाही’ म्हणतात, मला आत्याच्या नावानं हाक मारतात. तेव्हापासून ते आमच्याकडेच आहेत. मे महिन्यात नवऱ्याची नोकरी गेली. ऑक्टोबरमध्ये दुसरी मिळाली, पण कमी पगाराची. धाकटी बहीण लांब राहते. ती पैसे पाठवते आणि फोनवर सूचना देते. जुलैमध्ये आमचं कडाक्याचं भांडण झालं. ‘तू बाबांना ताब्यात घेतलंयस’ असं ती म्हणाली, तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो. आता तिनंच सुचवलंय, की वर्षअखेरीला सगळ्यांनी एकत्र बसून या वर्षाबद्दल कृतज्ञता व्यक्त करू या. ते वाचून मला संताप आला. ‘बाबा वाचले, आभार मान’ हे वर्षभर ऐकून कान किटलेत. पण खरं सांगायचं तर या वर्षात काही गोष्टी फार सुंदर घडल्या. नवरा बाबांची दाढी इतक्या हळुवार हातानं करायला शिकलाय, की मी दारात उभी राहून बघत राहते. छान वाटतं आणि लगेच अपराधीही वाटतं. चौदा वर्षांच्या मुलीनं वर्षभर काडीचाही त्रास दिला नाही. पुढच्या वर्षाकडून आशा ठेवायला मन धजत नाही. मी कृतघ्न आहे का?
— एक वाचक

उत्तर:

नाही, तुम्ही कृतघ्न नाही. दुसऱ्यानं आपल्यासाठी केलेलं ज्याच्या नजरेलाच पडत नाही, त्याला कृतघ्न म्हणावं. तुम्हाला तर नवऱ्याचा हात कसा फिरतो तेसुद्धा दिसतं. तुमच्या पत्रात संताप आहे, थकवा आहे, पण माणसांकडे दुर्लक्ष कुठेच नाही.

संतापाबद्दल आधी बोलू. तो मला रास्त वाटतो. ‘या वर्षाबद्दल कृतज्ञता’ असं म्हटलं की पक्षाघात, गेलेली नोकरी, जुलैचं भांडण हे सगळं जणू कुणी भेट म्हणून आणून दिलं होतं, असा सूर लागतो. वर्षानं तुम्हाला काही दिलेलं नाही. आजारानंही नाही. जे मिळालं ते माणसांनी दिलं. रात्री उठून दिलं, स्वतः दमलेले असताना दिलं, काही वेळा मनाविरुद्धही दिलं. आभार मानायचे असतील तर त्या माणसांचे माना, त्यांनी नेमकं काय केलं ते सांगून माना. आजारपणाचे आभार मानायची तुमच्यावर कसलीही सक्ती नाही. हा फरक तुमच्या मनात पक्का झाला, की बहिणीच्या प्रस्तावाला ‘हो’ म्हणणं जड जाणार नाही असं मला वाटतं.

‘बाबा वाचले, आभार मान’ या वाक्याचा त्रास का होतो, तेही सांगते. त्यात खोटं काही नाही. पण बहुतेक वेळा ते वाक्य बोलणं संपवण्यासाठी येतं. तुम्ही सांगायला जाता की बाबा मला माझ्या नावानं हाक मारत नाहीत, समोरच्याला ते ऐकणं झेपत नाही, मग तो हे वाक्य पुढे करतो. तुमचं दुःख तुमच्याकडेच राहतं आणि वर ते वाटल्याची लाजही पदरात पडते.

शिवाय हे दुःख नेहमीच्या शोकासारखं नाही. पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात, युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना, अशा दुःखाकडे लक्ष वेधलं. माणूस गेला की आहे हेच ठरत नाही, म्हणून धड शोकही करता येत नाही. पुढे तिनं स्मृतिभ्रंशासारख्या आजारांच्या घरांतही तेच पाहिलं. तिथे माणूस समोर असतो, पण पूर्वीसारखा नसतो. तुमचे बाबा समोर बसलेले आहेत आणि फोनवर तासभर बोलणारे बाबा मात्र तुम्ही गमावलेत. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. अशा वेळी कुणी भेटायला येऊन सांत्वन करत नाही, कारण जगाच्या दृष्टीनं काही गमावलेलंच नसतं. म्हणून तुम्ही स्वतःला तरी सांगा, की हो, मी गमावलंय.

आता कृतज्ञतेकडे येऊ. कृतज्ञता नोंदवल्यानं काय होतं, याचा गाजलेला अभ्यास रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातला एक भाग तुमच्या घराशी जवळचा आहे. मज्जातंतू आणि स्नायूंचे आजार असलेल्या प्रौढांनी २१ दिवस रोज, ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहिल्या. त्यांचं मन तुलनेनं प्रसन्न राहिलं, झोप सुधारली आणि हा फरक त्यांच्या जोडीदारांच्याही लक्षात आला. आजाराबद्दल आभार माना असं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. आजार जिथल्या तिथे होता, त्याच्या शेजारी बाकीचं काय आहे ते त्यांनी टिपलं, इतकंच. मात्र हा रामबाण उपाय नाही. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नैराश्य आणि चिंता यांवर अशा वह्यांचा परिणाम लहानच दिसला. झोप उडाली असेल, सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा, त्यासाठी वर्ष संपायची वाट बघू नका.

माझं म्हणणं असं, की आभारांच्या आधी तुम्ही राग लिहून काढा. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहून उठताना त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. पुढच्या काही महिन्यांत मात्र घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तेव्हा चार दिवस, दार लावून, कुणाला दाखवायचं नाही असं ठरवून लिहा. फेब्रुवारीतली ती सकाळ लिहा. बहिणीचं ते वाक्य लिहा. बाबांचा ओला बिछाना बदलताना मनात जे आलं आणि ज्याची नंतर शरम वाटली, तेही लिहा. हवं तर फाडून टाका. रडू येईल, येऊ द्या. राग दाबून मानलेले आभार ओठांवरच राहतात. समोरच्यालाही ते कळतं.

मग दुसऱ्या आठवड्यात त्याच वर्षावरून पुन्हा एकदा फिरा. या वेळी माणसं शोधा. झटका आला तेव्हा बाबांना गाडीत कुणी उचलून ठेवलं? व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टनं बाबांना पहिल्यांदा पलंगाच्या कडेला बसवलं तेव्हा त्यांचं डोकं कुणी धरलं होतं? नवऱ्याची नोकरी गेल्याचं कळल्यावर फुकटचा सल्ला न देता कोण नुसतं येऊन बसलं? अशी माणसं एकदम आठवत नाहीत, मनात महिने एकमेकांत मिसळलेले असतात. फोनमधले जुने मेसेज आणि फोटो चाळा, दवाखान्याची फाईल काढा, तारखा दिसल्या की चेहरे आठवतील. त्यातल्या काहींना आपण काय केलं याची कल्पनाही नसेल. त्यांना जरूर कळवा.

नवऱ्याबद्दल तुम्हाला जे अपराधी वाटतं, त्यावर थोडं थांबते. तुमच्या मनात हिशेब असा झालाय, की नवऱ्याची नोकरी गेली म्हणून तो घरी होता, घरी होता म्हणून बाबांची दाढी करायला शिकला, मग मला हे आवडलं म्हणजे नोकरी गेलेली आणि बाबा आजारी पडलेले मला आवडले की काय? तसं होत नाही. संकटानंतर माणसांत होणाऱ्या चांगल्या बदलांचा रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांचं सांगणं असं, की तो बदल घटनेमुळे घडत नाही, घटनेशी झुंजताना घडतो. आणि तो झाला म्हणून दुःख ओसरतं असंही नाही, दोन्ही सोबत नांदू शकतात. तो हळुवारपणा आजारानं आणलेला नाही. स्वतःचं काम गेलेलं, उमेद खचलेली, अशा काळात तुमच्या नवऱ्यानं सासऱ्यांच्या गालाला साबण लावला, लुळ्या पडलेल्या बाजूची कातडी दुसऱ्या हाताच्या बोटांनी ताणून धरली आणि ब्लेडचा ओरखडा उठू दिला नाही. हे त्याचं आहे, श्रेय त्यालाच द्या. आणि त्याला ते सांगितलंय का? तुमच्या पत्रावरून वाटतं, की नाही. मला जसं लिहिलंत तसंच त्याला सांगा, ‘मी दारात उभी राहून बघत असते.’ पगार कमी झाल्याची बोच असलेल्या माणसाला हे ऐकणं फार गरजेचं असतं.

मुलीबद्दलच्या तुमच्या एका ओळीनं मला काळजी वाटली. ‘काडीचाही त्रास दिला नाही.’ घरात मोठं संकट असलं की मुलं गप्प होतात, शाळेतलं काही सांगत नाहीत, स्वतःचं स्वतः उरकतात, आणि आपण कौतुकानं त्यांना समजूतदार म्हणतो. त्या कौतुकातून मूल शिकतं, की आपल्या अडचणी लपवल्या की आई खूश होते. म्हणून वर्षअखेरीला चारचौघांत ‘आमची मुलगी किती गुणाची’ असं कृपा करून म्हणू नका. तिला एकटीला घेऊन बसा. तिनं केलेल्या एखाद्या नेमक्या गोष्टीसाठी तिचे आभार माना आणि मग विचारा, ‘या वर्षी तुला सांगायचं होतं आणि सांगायचं राहून गेलं असं काय आहे?’ ती कदाचित ‘काही नाही’ म्हणेल. आठवड्यानं पुन्हा विचारा. पुढच्या वर्षी तिनं थोडा त्रास दिला तर मला आनंदच होईल.

बहिणीचा भाग सगळ्यांत अवघड आहे, आणि तिथे मला दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवाव्याशा वाटतात. पहिली आभारांची. तिनं लांबून पैसे पाठवले, ते या वर्षी उपयोगी पडले असणार. नवऱ्याचा पगार बंद असताना तर नक्कीच. तिला चार ओळींचं पत्र लिहा. तिनं काय केलं आणि त्यामुळे काय शक्य झालं, एवढंच त्यात असू दे. ‘पण’ हा शब्द त्यात नको. जुलैचा उल्लेख नको. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना आपले शब्द बरोबर पडतील का, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल का, याचीच धास्ती असते. पत्र मिळालेल्या माणसांना मात्र लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आनंद होतो, आणि शब्दांच्या नेमकेपणापेक्षा त्यांना त्यातली आपुलकी जाणवते. त्यामुळे भाषेची फार चिंता करू नका.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. ती आभारांत बुडवू नका. घरात सर्वांत जास्त राबणाऱ्या व्यक्तीकडूनच सर्वांत जास्त कृतज्ञतेची अपेक्षा केली जाते, आणि तिचे तोंड भरून आभार मानले की बाकीचे मोकळे होतात. हे मला मान्य नाही. पत्र पोहोचल्यानंतर पंधरा दिवसांनी बहिणीशी वेगळं बोला, आणि आरोप न करता ठोस मागणी करा. वर्षातून एक सलग काळ ती येऊन राहील का, म्हणजे तुम्हाला सुट्टी मिळेल? फिजिओथेरपीच्या वेळा ठरवणं, औषधं मागवणं, कागदपत्रं आणि बिलं सांभाळणं ही कामं लांबूनही होतात, ती तिच्याकडे देता येतील का? ‘ताब्यात घेतलंयस’ हे वाक्य जिव्हारी लागणारं होतं. पण लांब असलेल्या मुलीची भीतीही त्यात मला ऐकू येते. बाबांचा आवाज फोनवर ऐकू येईनासा झाल्यावर तिच्यापाशी त्यांचं काहीच उरलं नाही. तुमच्या डोळ्यांसमोर निदान ते रोज आहेत. तिच्या हातात एखादं खरं काम आलं, तर सूचना आपोआप कमी होतील असा माझा अंदाज आहे.

एकत्र बसण्याच्या बेताबद्दल बहिणीला हे कळवा, की आपण वर्षाचे आभार मानणार नाही, एकमेकांचे मानू. ज्याला बोलायचं नाही त्यानं बोलू नये. कुणाला रडू आलं तर लगेच गप्प करायचं नाही. आणि अर्ध्या तासात संपवू, कारण बाबा दमतात.

बाबांना मात्र त्यातून वगळू नका. झटक्यानंतरच्या या वाचादोषाला डॉक्टर अफेझिया म्हणतात. त्यात भाषा अडते, पण विचारशक्ती, आवडीनिवडी, नात्यांची जाण बहुतेक वेळा शाबूत असते. ‘हो’च्या जागी ‘नाही’ येणं, तुमच्या जागी आत्याचं नाव येणं हा शब्दांचा घोटाळा आहे. घरातल्याच दुसऱ्या जिवलग बाईचं नाव ओठांवर येतं, यावरून उलट आपण कुणाला हाक मारतोय याची जाग त्यांच्या मनात असावी, असं मला वाटतं. त्यांच्याशी बोलताना टीव्ही बंद करा, समोर बसा, एका वेळी एकच छोटं वाक्य बोला आणि थांबा. आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त वेळ थांबावं लागतं. ‘हो’ आणि ‘नाही’ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि त्यांना डाव्या हाताचं बोट ठेवू द्या. मग त्यांनाही विचारा, ‘या वर्षी चिडचिड झाली का? मी घाई करते का?’ आणि त्यांचेही आभार माना. परावलंबी झालेल्या माणसाला वर्षभर नुसतं घ्यावंच लागतं, त्याला कुणी ‘तुमच्यामुळे’ असं म्हणत नाही. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना नैराश्य येतं, आणि बोलता येत नसेल तर ते ओळखणं अवघड जातं. ते खाईनासे झाले, व्यायामाला नकार देऊ लागले, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. त्यावर उपचार आहेत.

आता आशेबद्दल. मन धजत नाही, कारण आशा म्हणजे ‘सगळं पूर्वीसारखं होईल’ अशी तुमची समजूत झालीय. तसं होण्याची हमी मी देऊ शकत नाही. चार्ल्स स्नायडर या मानसशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये आशेची जी मांडणी केली ती मला अधिक कामाची वाटते. काय हवंय ते ठाऊक असणं, तिथे जाण्याचे एकाहून अधिक रस्ते दिसणं आणि त्यांवर चालण्याचं बळ आपल्यात आहे असं वाटणं. रस्ता बंद झाला तर दुसरा काढता येतो, म्हणून अशी आशा पहिल्या ठेचेला मोडून पडत नाही.

बाबांच्या बाबतीत असे रस्ते आहेत. पक्षाघातानंतरची सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगानं होते हे खरं, पण बोलण्यातली प्रगती वर्ष उलटल्यावर थांबतेच असं नाही. सराव चालू ठेवला तर अनेकांत ती पुढेही हळूहळू होत राहते. शिवाय वाक्य जुळवता न येणारी बरीच माणसं पाठ असलेल्या गाण्याचे शब्द म्हणू शकतात, एकापासून दहापर्यंत अंक मोजू शकतात. १९७३ पासून सुरांच्या आधारानं बोलणं शिकवण्याची एक उपचारपद्धतीही आहे. बाबांचं एखादं आवडतं जुनं गाणं लावा आणि ओळ अर्धी झाल्यावर थांबवून बघा. स्पीच थेरपिस्टला भेटाल तेव्हा ‘बोलतील का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. ‘येत्या तीन महिन्यांत कोणते पाच शब्द आणायचा प्रयत्न करू?’ असं विचारा. त्यातलं एक तुमचं नाव असू द्या. ते आलं नाही, तर हाक मारण्याची वेगळी खूण ठरवा.

घरासाठीही इतक्याच मापाची एखादी गोष्ट ठरवा. पगार पूर्वीइतका कधी होईल हे तुमच्या हातात नाही. पण आठवड्यातून एक संध्याकाळ तुम्ही आणि नवरा घराबाहेर पडाल, तेवढा वेळ बाबांपाशी पगारी मदतनीस किंवा एखादा नातेवाईक बसेल, हे जमवता येईल.

आणि एक सावधगिरी. फेब्रुवारी येतोय. झटक्याची तारीख जवळ आली, की कारण नसताना छातीत धडधडणं, झोप मोडणं, बाबा जरा जास्त वेळ झोपले तरी धावत जाऊन बघणं असं होऊ शकतं. वर्षदिनाच्या आसपास हे पुष्कळांना होतं, त्याला घाबरू नका. त्या दिवशी घरात कोण असेल ते आत्ताच ठरवा, शक्यतो रजा टाका. बाबांची डॉक्टरांकडची नियमित तपासणी त्या आधीच्या आठवड्यात घ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या, पुन्हा झटका येऊ नये म्हणून काय करायचं, कोणती लक्षणं दिसली की लगेच निघायचं, हे सगळं विचारून कागदावर लिहून घ्या. तो कागद नवऱ्याला आणि मुलीला दाखवा, आणि एक फोटो बहिणीला पाठवा.